कोरेगावचा स्तंभ कोणाचा?

गेल्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी इंग्रज-मराठा युद्धे शिकवीत होतो. खडकी, येरवडा, कोरेगाव, अष्टी असा क्रम फळ्यावर लिहिला. कोरेगाव हा शब्द लिहिला की वर्गात एक हालचाल होते. ती आता माझ्या ओळखीची झाली आहे. पुढच्या बाकांवरची काही मुले वहीत मान घालतात. आमची मुले ताठ बसतात. त्यांतला एक उठला आणि म्हणाला, "सर, आपण इंग्रजांकडून लढलो, म्हणून आपण देशाच्या विरुद्ध होतो असं वसतिगृहात पोरं म्हणतात. त्यांना काय सांगायचं?"

मी उलट विचारले, "तू काय सांगतोस?"

"मी सांगतो, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना कापलं."

मागून टाळ्या पडल्या. तेवढ्यात तास संपला आणि मी सुटलो. सुटलो असेच म्हणतो, कारण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रश्नाचा मला राग आला नाही. तो प्रश्न आमच्या वाट्याला शाळेपासून येतो. मला अस्वस्थ केले ते त्या मुलाच्या उत्तराने. ते उत्तर मीही अनेक वर्षे देत आलो होतो आणि ते पुरे खरे नाही हे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ठाऊक होते.

एक आठवण सांगतो. मी चौथीत असताना वडिलांनी मला पहिल्यांदा कोरेगावला नेले. आमच्या गावातून रात्री एक ट्रक निघाला होता. बायका, म्हातारे, पोरे, भाकरीची फडकी, निळे झेंडे. पेरण्याच्या फाट्याला उतरून चालत गेलो. अण्णांनी मला खांद्यावर घेतले. ते सही करीत, पण वाचता येत नसे. स्तंभाजवळ आल्यावर ते म्हणाले, "वाच, काय लिव्हलंय ते." मी अडखळत एकेक नाव वाचू लागलो. पुष्कळ नावांच्या शेवटी 'नाक' येई. मला हसू आले. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्याच्या म्होरं नाक हाय, ती आपली मान्सं. पुना वाच."

मी पुन्हा वाचली. घरी कोणाच्याही हाती न आलेला कागद त्या दिवशी मी दगडावर वाचला. आमच्या घरात आजोबांच्या मागचे नाव कोणाला सांगता येत नाही. गावच्या दप्तरात आमचा उल्लेख वतनापुरता, वेसकरीपुरता, मेलेल्या जनावरापुरता. येथे मात्र माणसाचे नाव होते, त्याच्या बापाचे नाव होते आणि कोठे हुद्दाही होता. आम्ही कोरेगावला का जातो याचे खरे उत्तर येथून सुरू होते. पण येथे ते संपत नाही. संपले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

*

आधी घडले काय ते पाहू.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. पुण्यातील कर्नल बर याला कुमक हवी होती. स्टाँटनबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे ३०० अनियमित घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन लहान तोफा होत्या. सगळे मिळून ८३४ माणसे. रात्रभर चालून ती सकाळी भीमेकाठी कोरेगावाजवळ आली, तेव्हा समोर पेशव्यांची छावणी दिसली. नोव्हेंबरात पुणे हातचे गेल्यापासून दुसरा बाजीराव जनरल स्मिथच्या पाठलागापुढे फिरत होता आणि आता तो पुन्हा पुण्याजवळ आला होता. त्याच्याबरोबरची एकूण फौज २५ ते २८ हजार सांगितली जाते. तिच्यात घोडदळ जास्त होते. स्टाँटनने मागे न फिरता गावात शिरून घरांचा आणि भिंतींचा आसरा घेतला.

पेशव्यांकडून सगळी फौज गावावर तुटून पडली नाही. अरब, गोसावी आणि इतर पायदळ यांच्या प्रत्येकी काही शे माणसांच्या तीन तुकड्या तोफांच्या आणि बाणांच्या आधाराने गावात घुसल्या. बाकीचे घोडदळ नदीच्या आसपास वेढा देऊन राहिले. बापू गोखले, त्रिंबकजी डेंगळे ही मंडळी लढाई चालवीत होती. पेशवा दुरून पाहत होता. दुपारपासून रात्री नऊपर्यंत गल्लीगल्लीत मारामारी चालली. एक तोफ अरबांच्या हाती गेली. तोफखान्याचा अधिकारी चिझम मारला गेला. जखमी पॅटिन्सनने शिपायांना घेऊन ती तोफ परत मिळविली. तोफखान्यातील काही जणांनी शरण जाण्याची भाषा काढली. स्टाँटनने ती मानली नाही.

या सगळ्यात मला सर्वांत खरी वाटणारी गोष्ट निराळी आहे. रात्रभर चालून आलेल्या त्या माणसांना दिवसभर पाणी मिळाले नाही. भीमा डोळ्यांसमोर होती, पण वाट शत्रूच्या ताब्यात होती. अंधार पडल्यावर पाणी मिळाले. रात्री पेशव्यांच्या फौजेने गाव सोडले. स्मिथ जवळ येत असल्याची भीती होती. स्टाँटनही पुण्याला गेला नाही. जखमी माणसे घेऊन तो शिरूरला परतला. ८३४ पैकी २७५ माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता होती. पेशव्यांचे ५०० ते ६०० लोक पडले असे सांगतात.

पेशवाई कोरेगावला बुडाली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १० फेब्रुवारीला सातारा पडला, २० फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडला आणि ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन तो बिठूरला गेला.

*

आता आमच्या फलकांवरची संख्या. ५०० विरुद्ध २८०००. ५०० ही पायदळाची संख्या आहे. ते सगळे महार नव्हते. स्तंभावर मुंबई पायदळातील मृतांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ नाकान्त आहेत. बाकीची मराठे, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्रायल यांची. आणि २८००० ही पेशव्यांची सगळी फौज. गावात घुसून लढलेले त्यातले थोडे.

हे मी गेल्या डिसेंबरात एका अभ्यासवर्गात बोललो. शब्द जपून बोललो. तरी सभा गार पडली. एक कार्यकर्ता मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही शिकलात आणि त्यांचंच बोलायला लागलात." अण्णा त्या सभेत मागे बसले होते. परतताना ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "कमी कशाला करतोस रं?"

मला ते लागले. अण्णांना उत्तर देणे हे वर्गात उत्तर देण्याहून अवघड आहे. तरी मला वाटते, मी कमी करीत नाही. ४९ पैकी २२ म्हणजे जवळजवळ निम्मे. ज्यांना गावकुसाच्या आत घर नव्हते, त्यांच्यातले २२ जण एका लढाईत, एका पलटणीत, इतरांच्या खांद्याला खांदा लावून पडले आणि त्यांची नावे इतरांच्या नावांबरोबर एकाच दगडावर कोरली गेली. ज्या काळात सावलीची बाधा होत होती, त्या काळात नावाला नाव लागून कोरलेले आहे. ही गोष्ट ५०० च्या आकड्यापेक्षा मला मोठी वाटते. आकडा फुगविला की विरोधकाला तो फोडणे सोपे जाते. आणि आकडा फुटला की आमच्या मुलाला वाटते, सगळेच खोटे होते. २२ नावे कोणालाही फोडता येणार नाहीत. ती दगडावर आहेत.

बाकीच्या २७ नावांशीही आमचे भांडण असता कामा नये. ती पुसून आमची नावे मोठी होत नाहीत. नावे पुसण्याचे काम आजवर आमच्यावर झाले आहे; ते आम्ही दुसऱ्यावर करू नये.

*

आता वसतिगृहातल्या पोरांचा आक्षेप. 'भाडोत्री होते, परक्यांसाठी लढले.'

पहिली गोष्ट अशी, की १८१८ साली ज्याला आपण आज देश म्हणतो त्या अर्थाने कोणीच लढत नव्हते. पेशव्यांकडून कोरेगावात घुसले ते अरबही पगारी होते. पोटासाठी लढणे हा त्या काळच्या शिपायाचा धर्म होता, मग तो कोणत्याही जातीचा असो. महार तर सगळीकडे लढले आहेत. शिवकाळात गडांच्या पहाऱ्यावर होते. १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेत, पेशव्यांच्याच बाजूने, शिदनाक महाराचा तंबू इतरांच्या तंबूंत लागला म्हणून कुरकुर झाल्याची कथा सांगितली जाते. म्हणजे लढायला माणूस चालत होता, तंबू शेजारी चालत नव्हता. या एका कथेत सगळी समाजव्यवस्था बसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती पाठ्यपुस्तकात असूनही कोणी जोडून वाचत नाही. शिरूरला इंग्रजी फौज कोणी आणली? ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईचा तह केला. यशवंतराव होळकराने पुण्यातून पळविलेल्या पेशव्याला गादी परत हवी होती. त्यासाठी त्याने कंपनीची तैनाती फौज आपल्या खर्चाने मान्य केली आणि इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने १८०३ साली तो पुण्यात परतला. शिरूरची छावणी त्यातूनच उभी राहिली. वसईच्या तहाला बरोबर १५ वर्षे झाली त्याच रात्री स्टाँटन शिरूरहून निघाला. राज्य गहाण टाकणाऱ्याच्या नावामागे श्रीमंत लागते आणि छावणीत सहा-सात रुपयांसाठी भरती झालेल्याच्या नावामागे देशद्रोही. हा न्याय कोणत्या इतिहासशास्त्राचा आहे, हे आम्हाला कोणी तरी सांगावे.

तिसरी गोष्ट, निष्ठा मागणाऱ्याने दिले काय? घुर्यांनी आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की पेशव्यांच्या काळी महार-मांगांना दुपारी तीननंतर सकाळी नऊपर्यंत पुण्याच्या वेशीत येऊ देत नसत, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात गळ्यातल्या मडक्याचा आणि कमरेच्या झाडूचा उल्लेख केला आहे. ज्या नगराने माणसाच्या सावलीलाही वेळ ठरवून दिली, त्या नगरासाठी प्राण का दिला नाहीस, असे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

त्या २२ जणांच्या मनात अस्पृश्यतेचा सूड होता असेही मी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवलेले नाही. ते पगारासाठी आले असतील, बाप पलटणीत होता म्हणून आले असतील. मेलेल्यांच्या मनात आपले विचार घालणे सोपे असते. त्यापेक्षा, जिवंतांनी त्या दगडाचे काय केले हे पाहावे. त्याचा पुरावा आहे.

*

स्तंभ कंपनीने उभारला. पायाभरणी २६ मार्च १८२१ ची. तो आमच्यासाठी उभारला नव्हता. ते कंपनीच्या पराक्रमाचे स्मारक होते आणि शिपायांची नावे त्यात आली ती कंपनीची फौज म्हणून. त्या पलटणीला ग्रेनेडिअर हा किताब मिळाला. पण शिपायाची जात कंपनीला लढाईपुरतीच दिसत नव्हती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. मुलाची बाजू न्यायाची आहे हे सरकारने मान्य केले आणि तरीही त्याला आत घेतले नाही. स्तंभाला तेव्हा ३५ वर्षे झाली होती. पुढे लढाऊ जातींचा सिद्धांत आला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. ज्यांची नावे विजयस्तंभावर, त्यांचीच मुले लढाऊ नाहीत! इंग्रजांनी जातिव्यवस्था मोडली असे म्हणणाऱ्या आमच्या काही मित्रांनी येथे थोडे थांबावे.

भरतीबंदीने स्तंभाला दुसरा अर्थ दिला. लष्कराने आमच्या लोकांना पगार दिला होता, त्याबरोबर अक्षरही दिले होते. पलटणीच्या शाळेत शिपायांची मुले शिकत. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी माणूस; बाबासाहेबांचे वडील सुभेदार. ती वाट बंद झाल्यावर वलंगकरांनी आणि पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज लिहिले. कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' चालविले, १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला, कोरेगावला स्तंभाजवळ सभा घेतल्या. त्यांच्यासाठी स्तंभ म्हणजे सरकारपुढे ठेवायचा दाखला होता. आमच्या बापजाद्यांची नावे तुम्हीच लिहिली आहेत, मग आम्हाला नोकरी का नाही? आज कोणी याला इंग्रजांची आर्जवे म्हणेल. ज्याच्याजवळ जमिनीचा कागद नाही, त्याला दगडाचा कागद करावा लागतो. १९१७ साली युद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण निघाली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. अर्जांची ताकद किती ते तेव्हा कळले.

तिसरा अर्थ १ जानेवारी १९२७ चा. त्या दिवशी बाबासाहेब कोरेगावला आले. दगड तोच, नावे तीच. पण आता स्तंभाकडे तोंड करून सरकारला विनवायचे नव्हते; लोकांकडे तोंड करून त्यांना उठवायचे होते. अडीच महिन्यांनी, २० मार्चला, महाडचे चवदार तळे झाले. महाड-दासगावचा तो भाग जुन्या पेन्शनर शिपायांचा; वलंगकर तिथलेच. कोरेगावात दिवसभर नदी समोर असून तहानलेल्या शिपायांची नातवंडे-पतवंडे महाडला पाण्यावर आली, असे मी म्हटले तर ते वंशावळीच्या अर्थाने घेऊ नये. पण शिस्तीने रांगेत चालत जाऊन पाण्याला हात लावणे हे कोठल्या तरी कवायतीत शिकलेले असते.

आणि जे बाबासाहेबांना इंग्रजधार्जिणे म्हणतात, त्यांनी १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेतले त्यांचे भाषण वाचावे. लंडनमध्ये, इंग्रजांच्या तोंडावर, त्यांनी हिशेब मांडला. तुमच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होते, पोलिसात आणि सैन्यात जागा नव्हती. तुमच्या राज्यात यातले काय उघडले? या आशयाचे ते बोलले आणि आमच्या दुःखाचा निकाल आमच्या हाती सत्ता आल्याशिवाय लागणार नाही असे सांगितले. कोरेगावचा स्तंभ पाहून आलेला माणूस इंग्रजांचा ऋणी होऊन आला नव्हता. तो वसुली करायला गेला होता. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

*

१ जानेवारी २०१८ ला २०० वर्षे झाली. त्या दिवशी मी आई-अण्णांना घेऊन गेलो होतो. रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या जळल्या, एका तरुणाचा जीव गेला. गाडीच्या काचा बंद करून आईला मी सीटखाली बसविले. त्याविषयी चौकशी आयोग नेमला गेला, खटले झाले. तो विषय स्वतंत्र आहे. मला त्या दिवशी एक समजले. दगडावरच्या २२ नावांची कोणाला तरी आजही अडचण होते. म्हणूनच ती नावे आम्ही नेमकी, जशी आहेत तशी सांगितली पाहिजेत. घोषणा एका दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, आणि तेथे घोषणा पुरत नाही.

त्या मुलाला मी आठवड्याने उत्तर दिले. म्हणालो, वसतिगृहातल्या पोरांना आधी वसईच्या तहाची तारीख विचार. मग त्यांना ४९ नावांबद्दल सांग. मग १८९३ चे सांग, म्हणजे आपण इंग्रजांचे भाट नाही हे त्यांना कळेल. पाचशे-अठ्ठावीस हजार म्हणू नकोस. म्हणावे लागत नाही. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "सर, पण ती नावं मी अजून नीट वाचलेलीच नाहीत. गर्दीत नुसता हात लावून येतो."

मीही चौथीनंतर नीट वाचलेली नव्हती. येत्या जानेवारीच्या गर्दीआधी, एखाद्या साध्या दिवशी, आम्ही दहा-बारा जण वह्या घेऊन जाणार आहोत. सगळी ४९ नावे उतरवून घ्यायची, बापाच्या नावासह, हुद्द्यासह. फक्त आपली नव्हेत. नंतर प्रत्येकाने आपल्या गावच्या जुन्या माणसांकडून पलटणीत गेलेल्यांची नावे, पेन्शनचे कागद, पेटीत पडलेले बिल्ले शोधायचे. आमच्या गावोगावच्या घरांत हे अजून आहे आणि ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

अण्णांना हे सांगितले. त्यांनी विचारले, "मंग मला कोन वाचून दावनार?"

त्यांना बरोबर घेऊन जाणार आहे. या वेळी सगळी नावे वाचणार आहे, आणि दोनदा.